नेटवर्क कार्डाचं नाव बदललं आणि नेट गेलं? लिनक्सवर हे असं निस्तरा

बेळगावच्या उद्यमबागेत एका ओळखीच्या मशीन शॉपमध्ये मी एक जुना टॉवर पीसी बसवून दिलेला, त्यावर उबुंटू सर्व्हर २२.०४. मागं दोन लॅन पोर्ट. एक मदरबोर्डवरचा, त्यात इंटरनेटवाल्याच्या राउटरची वायर, आणि दुसरा मी वरनं घातलेल्या कार्डाचा, त्याच्या वायरीनं सगळ्या सीएनसी मशीनी एका स्विचवर. ड्रॉईंग आणि प्रोग्रामच्या फायली ह्याच पीसीवर, मशीनींना आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, देणारा पण हाच. दीड वर्ष त्याच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. मग डिस्क भरली म्हणून एका शनिवारी संध्याकाळी मी एनव्हीएमई एसएसडी घेऊन गेलो, जुन्या बोर्डवर तिला जागाच नव्हती म्हणून ॲडॅप्टरवर लावून रिकाम्या मोठ्या स्लॉटात ढकलली, चालू केलं, डिस्क दिसली, खूश झालो, येताना अर्धा किलो कुंदा घेतला आणि घरी. नेट बघितलंच नाही. डिस्क लावायला आलो होतो, नेटला कुणी हात लावला होता?

सोमवारी सकाळी मालकांचा फोन. "अरे कुठं आहेस गा, मशीनवर ड्रॉईंग येईना झालंय, माझ्या मोबाईलचं वायफाय पण गेलंय, काय करून गेलास बघ की!" मशीनींचं गेलं हे एकवेळ समजू शकतं, पण मोबाईलचं वायफाय ह्या पीसीवर नव्हतंच, ते इंटरनेटवाल्याच्या राउटरवर. ते कसं काय गेलं हे कळायला माझा अर्धा दिवस गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे सगळं नीट लिहितोय, लिनक्स नवीन असलेल्यांना पण कळेल असं.

एक आधीच सांगतो. खाली कमांडा मी मराठीत लिहिल्यात, फोनवर कुणाला सांगताना जशा म्हणतो तशा. टाईप अर्थातच इंग्रजी स्मॉल लेटरमध्ये करायच्या, जिथं कॅपिटल पाहिजे तिथं तसं सांगितलंय. सुडो म्हणजे एस यू डी ओ. ईटीसी फोल्डर म्हणजे ई टी सी, सगळ्या सेटिंगच्या फायली तिथं असतात.

नाव बदलतंच कसं

पूर्वी नावं सोपी होती. पहिलं कार्ड इथ-झीरो, दुसरं इथ-वन. रेशनच्या रांगेसारखं, जो आधी पोचला तो पहिला, कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जे कार्ड आधी सापडेल त्याला शून्य नंबर. एकच कार्ड असेल तर कुणाचं काही अडत नव्हतं, पण दोन असली की एखाद्या रीबूटला दुसरंच आधी पोचायचं आणि नावं उलटीपालटी व्हायची. बरीच वर्षं ह्याला उपाय म्हणून हार्डवेअर ओळखून नावं देणाऱ्या युडेव्हच्या फोल्डरात एक फाईल असायची, सत्तर-पर्सिस्टंट-नेट नावाची, तिच्यात कुठल्या मॅकला, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या कारखान्यातल्या नंबराला, कुठलं नाव हे लिहिलेलं असायचं. मग २०१३ च्या जानेवारीत सिस्टमडीचं, म्हणजे बूट झाल्यापासनं सगळ्या सर्व्हिसा सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं, १९७ व्हर्जन आलं आणि पद्धतच बदलली. रांगेतला नंबर बंद, कार्ड कुठं बसलंय तो पत्ता म्हणजेच नाव. रेडहॅटनं ७ मध्ये ही पद्धत घेतली, उबुंटूनं १५.१० पासून, डेबियननं ९ पासून. म्हणून जुनी सिस्टम पुसून नवी टाकली की इथ-झीरो शोधणारी माणसं गोंधळतात, तुमचं तसं झालं असेल तर काही बिघडलेलं नाही, नाव नवं आहे एवढंच.

नाव वाचायचं कसं ते बघा, एकदा कळलं की कायमचं कळतं. ईएनपी३एस० असं नाव घ्या. पहिली दोन अक्षरं ईएन, म्हणजे वायरचं इथरनेट. वायफाय असेल तर डब्ल्यूएल, सिमकार्डाचं डोंगल वगैरे असेल तर डब्ल्यूडब्ल्यू. पुढं पी३ म्हणजे पीसीआयची, कार्डं बोर्डाला जोडणाऱ्या लाईनींची, तीन नंबरची बस आणि एस० म्हणजे त्या बसवरची शून्य नंबरची जागा. कधीकधी ईएनओ१ दिसेल, तो ओ म्हणजे बोर्डवरचंच कार्ड, बायोसनंच त्याला नंबर दिलेला. व्हीएमवेअरमध्ये उबुंटू टाकला की ईएनएस३३ दिसतं, व्हर्चुअलबॉक्समध्ये ईएनपी०एस३. आणि यूएसबीचं लॅन ॲडॅप्टर लावलं की ईएनएक्सच्या पुढं बारा अक्षरांचं लांबलचक शेपूट येतं, तो त्याचा मॅक असतो.

आता गोम कुठं आहे? हा पत्ता मोजून दिलेला पत्ता आहे. गणपत गल्लीत तोंडाकडनं तिसरं दुकान म्हणून तुम्ही कुणाला पत्ता सांगितला, आणि मध्ये एका रिकाम्या जागेत कुणीतरी नवीन दुकान टाकलं, की तुमचं दुकान चौथं झालं, तुम्ही एक इंच हलला नाही तरी. पीसीआयच्या बस अशाच मोजल्या जातात. माझ्याकडं तो मोठा स्लॉट रिकामा होता तोपर्यंत तो मोजणीत नव्हता. त्यात एसएसडी आली, तिला बस मिळाली, आणि मागचे सगळे एकेक नंबरनं पुढं सरकले.

म्हणजे झालं असं. बोर्डवरचा पोर्ट, इंटरनेटचा, आधी ईएनपी३एस० होता तो झाला ईएनपी४एस०. मशीनींचं कार्ड आधी ईएनपी४एस० होतं ते झालं ईएनपी५एस०. आता सेटिंगमध्ये काय लिहिलेलं? चार नंबरवर मशीनींचं नेटवर्क, १९२.१६८.५०.१ हा पत्ता, आणि तिथंच डीएनएसमास्कनं आयपी वाटायचे. पीसीनं गुमान तेच केलं. पण चार नंबर म्हणजे आता इंटरनेटवाल्याच्या राउटरची वायर! माझा पीसी त्या राउटरच्या नेटवर्कमध्ये घुसून पन्नासचे आयपी वाटत सुटला, एका नेटवर्कमध्ये आयपी वाटणारे दोघं झाले, ज्याचं उत्तर मोबाईलला आधी पोचेल त्याचा आयपी तो घेणार. मालकांच्या मोबाईलनं माझ्या पीसीचा घेतला, पुढं त्याला इंटरनेट कुठनं मिळणार. आणि गंमत म्हणजे ऑफिसातल्या मावशींचा मोबाईल व्यवस्थित चालत होता, त्यामुळं मालकांना वाटलं मी त्यांचाच मोबाईल ब्लॉक केला.

म्हणून माझं म्हणणं असं की जुनं नाव गायबच झालं तर तुमचं नशीब चांगलं समजा, निदान एरर येते, बूट होताना नेटवर्कची वाट बघत दोनेक मिनिटं अडकून बसतं, काहीतरी बिघडलंय हे दिसतं. जुनं नाव दुसऱ्याच कार्डाला जाऊन चिकटलं तर सगळं हिरवंगार दिसतं आणि आत भलतंच चाललेलं असतं.

स्लॉटात काही घातलं नाही तरी नाव बदलू शकतं हे पण माहीत असू दे. बायोस अपडेट केला, बायोसमध्ये एखादं डिव्हाईस चालू-बंद केलं, ग्राफिक कार्ड काढलं, डिस्क उचलून दुसऱ्या पीसीत लावली, किंवा एका व्हर्जनवरनं पुढच्या व्हर्जनवर अपग्रेड केलं, कारण नाव ठरवायचे नियम सिस्टमडीमध्ये पण मधनं मधनं बदलतात.

कामाला लागायच्या आधी

मॉनिटर आणि कीबोर्ड लावा. लांबून एसएसएच करून नेटवर्कची नावं बदलायची नाहीत, म्हणजे करता येतं, पण एक अक्षर चुकलं की तुम्ही बाहेर आणि पीसी आत. मी एकदा निपाणीचं एक काम घरात बसून करायला गेलो आणि शेवटी रात्रीची गाडी पकडून जावं लागलं, तेव्हापासनं कानाला खडा.

आणि त्या पीसीवर आयपी वाटायचं काम चालू असेल तर आधी ते बंद करा, बाकी सगळं नंतर.

सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप डीएनएसमास्क

मास्कच्या शेवटी के नाही, क्यू आहे. ह्यानं निदान बाकीच्यांचे मोबाईल बिघडायचे थांबतात. ज्यांनी चुकीचा आयपी घेतलाय त्यांना वायफाय बंद करून परत चालू करायला सांगायचं, मग राउटरचा आयपी मिळतो.

कोण कोण आहे ते बघा

आयपी -बीआर लिंक

बीआरच्या आधी एक डॅश, आयपी हे नुस्तं आय पी. ह्यानं प्रत्येक कार्डाची एक ओळ येते. पहिल्या खान्यात नाव, मग अप का डाऊन, मग मॅक. एलओ नावाची ओळ सोडून द्या, ती पीसीची स्वतःशीच बोलायची लाईन आहे. नुस्तं आयपी ए टाकलं तर जास्त माहिती येते, त्यात कधीकधी ऑल्टनेम अशी एक ओळ दिसेल, म्हणजे त्याच कार्डाचं आणखी एक नाव. आपल्याला ह्यात काही नवल वाटायला नको, १ नोव्हेंबर २०१४ ला इंग्रजी पाट्यांवर बेळगावचं बेळगावी झालं तरी आपल्या तोंडात बेळगावच आहे आणि पत्र दोन्ही नावांनी पोचतं. पण कार्डाच्या बाबतीत ऑल्टनेमवर जास्त विसंबू नका, आयपी कमांडला ते चालतं, बाकीच्या सगळ्या प्रोग्रामांना चालेलच असं नाही.

आता बूट होताना कुणाचं नाव काय केलं ते बघायचं.

सुडो डीमेसेज, मग पाईपची उभी रेघ, मग ग्रेप रीनेम्ड

डीमेसेजचं स्पेलिंग डी एम ई एस जी. ह्यात ओळ येते ती साधारण अशी वाचायची, की आर८१६९ ह्या ड्रायव्हरच्या कार्डाला इथ-झीरोवरनं ईएनपी४एस० असं नाव दिलं. म्हणजे कर्नल अजून पण आधी इथ-झीरोच म्हणतो, नाव नंतर बदललं जातं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

एलएसपीसीआय टाकून पण बसचे नंबर बघता येतात. पण तिथले नंबर हेक्साडेसिमलमध्ये असतात आणि नावातले साध्या आकड्यात. तिथं ०ए दिसलं तर नावात ईएनपी१०एस० असणार. मोठ्या सर्व्हरवर ह्यानं बऱ्याच जणांचा घोळ होतो.

कुठला पोर्ट कुठला, हे डोळ्यानं बघा

इथं घाई करायची नाही. स्क्रीनवर दोन नावं आहेत, मागं दोन भोकं आहेत, कुठलं कुठल्याचं हे अंदाजानं ठरवलं की पुढचं सगळं वाया.

साधा उपाय म्हणजे एक वायर काढा, परत आयपी -बीआर लिंक टाका. ज्याच्यापुढं डाऊन आलं किंवा नो-कॅरियर आलं तो हा पोर्ट. वायर परत लावा, अप झालं का बघा. मग दुसरी. उद्यमबागेत हे करताना पोर्टमध्ये लोखंडाची भुकटी आणि तेलाचा चिकट थर, वायर निघेना, क्लिप तुटायला आली, शेवटी जुना टूथब्रश घेऊन साफ केलं. फौंड्री, लेथ असल्या ठिकाणी पीसी असेल तर हे काम पण आपलंच समजायचं.

दोन्ही वायरी काढणं शक्य नसेल, काम चालू असेल, तर इथटूल आहे.

सुडो इथटूल -पी ईएनपी४एस०

ह्यात पी स्मॉल. त्या पोर्टचा दिवा मिचमिचायला लागतो, बंद करायला कंट्रोल सी. सगळ्या कार्डांना हे जमत नाही, नाही जमलं तर वायर काढायचीच पद्धत. आणि तोच पी कॅपिटल केला तर कार्डाचा मूळ, कारखान्यातनं आलेला मॅक दाखवतो. दोन्ही कार्डांचे मॅक कागदावर उतरून घ्या. फोटो काढलात तरी चालतं, पण फोटोत बी आणि ८ सारखे दिसतात.

मी त्याच वेळी मागं पट्टी चिकटवून मार्करनं लिहून टाकलं, एकावर बाहेर आणि एकावर आत. तिथला ऑपरेटर गोकाककडचा, त्याला मराठी बोलायला येतं पण वाचायला कन्नडच बरं पडतं, म्हणून खाली त्याच्याकडनंच कन्नडमध्ये होरगे आणि ओळगे असं लिहून घेतलं. आता फोनवर होरगेची वायर बघ म्हटलं की काम होतं.

आता नाव आपणच ठेवायचं

बरेच जण इथं काय करतात, सेटिंगच्या फायलीत जुनं नाव खोडून नवं लिहितात, तीनचं चार, चारचं पाच, आणि निघून जातात. त्या दिवसापुरतं नेट चालू होतं, कुणी डोक्यावर बसलं असेल तर तेवढंच करा, मी पण दुपारपर्यंत तेवढंच केलेलं. पण उद्या कुणी ती एसएसडी काढली की परत सगळं एकनं मागं. पत्ता मोजणीवर आहे तोवर हे चालूच राहणार. म्हणून कार्डाला त्याच्या मॅकवरनं ओळखायचं आणि आपल्या मर्जीचं नाव द्यायचं.

त्यासाठी /ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क ह्या फोल्डरात प्रत्येक कार्डाची एक छोटी फाईल करायची. नॅनो एडिटर बरा, सोपा आहे.

सुडो नॅनो /ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क/१०-बाहेर.लिंक

नावाची सुरुवात दहानं, शेवट डॉट लिंकनं. सिस्टीमची स्वतःची फाईल ९९ नंबरची असते, फायली नंबरनं वाचल्या जातात आणि जी आधी जुळेल ती लागू, म्हणून आपला नंबर लहान पाहिजे. आत चार ओळी.

[मॅच]
परमनंटमॅकॲड्रेस=कागदावरचा मॅक, कोलनसकट
[लिंक]
नेम=बाहेर०

चौकोनी कंसातल्या शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल. दुसऱ्या ओळीतला तो लांब शब्द एकच सलग शब्द आहे, त्यात परमनंटचा पी कॅपिटल, एम ए सी तिन्ही कॅपिटल, ॲड्रेसचा ए कॅपिटल. नेमचा एन कॅपिटल. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको. जुन्या सिस्टमवर परमनंट शब्द चालत नसेल तर नुस्तं मॅकॲड्रेस लिहायचं, पण ब्रिज किंवा व्हीलॅन केलेलं असेल तर ते पण कार्डाचाच मॅक घेतात आणि मग नावासाठी मारामारी होते, परमनंट असलेलं बरं ते त्यासाठीच.

तशीच दुसरी फाईल, १०-आत.लिंक, दुसरा मॅक, नाव आत०.

नाव काय ठेवायचं ते तुमच्यावर. पंधरा अक्षरांच्या वर जाऊ नका, कर्नलला तेवढंच चालतं, मध्ये स्पेस नको, स्लॅश नको. इंग्रजी अक्षरात बाहेर, आत लिहिलेलं मला बरं वाटतं, सहा महिन्यांनी लॉग उघडला तरी काय चाललंय ते लगेच कळतं. एकच पथ्य, इथ-झीरो, इथ-वन असली नावं ठेवायची नाहीत. मघाशी बघितलं ना, कर्नल आधी इथ-झीरोच म्हणतो, मग तुम्ही एका कार्डाला इथ-झीरो करायला जाता तेव्हा ते नाव दुसऱ्या कार्डाकडं असू शकतं आणि बदल अडकतो. कधी होतो, कधी होत नाही, आणि असलं कधीकधीवालं दुखणं सगळ्यात वाईट.

आता एक पायरी बरेच जण विसरतात आणि मग फाईल बरोबर असून नाव बदलत नाही म्हणून डोकं आपटत बसतात. बूट होताना सुरुवातीला एक छोटी सिस्टम चालते, इनिटरॅमएफएस, तिच्यात ह्या फायलींची जुनी कॉपी असू शकते. ती नवी करायची.

सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू

फेडोरा, रेडहॅटकडं ह्याच्याजागी ड्राकट -एफ. थोडा वेळ लागतो, होऊ द्या. रीबूट अजून करायचं नाही.

जुनं नाव कुठं कुठं लिहिलंय ते शोधा

कार्डाचं नाव बदलायला दहा मिनिटं लागतात, जुनं नाव कुठं कुठं लपलंय ते शोधण्यात खरा वेळ जातो.

सुडो ग्रेप -आरएन ईएनपी /ईटीसी

म्हणजे ईटीसीच्या आत सगळीकडं ईएनपी शोध आणि ओळ नंबरसकट दाखव. जुन्या काळापासनं चालत आलेली सिस्टम असेल तर ईएनपीच्या जागी ई टी एच घालून परत एकदा. होम फोल्डरात स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टा असतील तर तिथं पण.

उबुंटू सर्व्हरवर मुख्य फाईल /ईटीसी/नेटप्लॅन ह्या फोल्डरात, शेवटी डॉट वायएएमएल. त्यात इथरनेट्सच्या खाली जुनी नावं असतात, तिथं बाहेर० आणि आत० घाला. वायएएमएलमध्ये टॅब अजिबात चालत नाही, स्पेसच, आणि एका पातळीच्या ओळी एका रेषेतच पाहिजेत. फाईलच्या नावात ५०-क्लाउड-इनिट असेल तर तिच्यावर लिहिलेलं पुढं कधी पुसलं जाऊ शकतं, फाईलच्या सुरुवातीलाच ते कसं बंद करायचं ते लिहिलेलं असतं, ते वाचून करा.

डेबियनवर हेच काम /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस ह्या फायलीत. तिथं एका कार्डाचं नाव दोन ठिकाणी असतं, ऑटोच्या किंवा अलाऊ-हॉटप्लगच्या ओळीत एकदा आणि आयफेसच्या ओळीत एकदा, दोन्हीकडं बदला. डेस्कटॉपवर नेटवर्कमॅनेजर असेल तर एनएमसीएलआय कनेक्शन शो टाकून बघा, जुन्या नावाला बांधलेलं कनेक्शन दिसलं तर सेटिंगच्या खिडकीतनं त्याचं डिव्हाईस बदलता येतं, किंवा ते उडवून नवीन करा, घरच्या पीसीला तेवढं पुरतं.

मग माझ्यासारखं आयपी वाटायचं काम असेल तर डीएनएसमास्कच्या फायलीत इंटरफेस= असं लिहिलेलं असतं, तिथं आत०. हे कधीच विसरू नका, तो मोबाईलचा घोळ ह्याच एका ओळीनं केलेला. फायरवॉल यूएफडब्ल्यू असेल तर सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस व्हर्बोज टाकून बघा, एखाद्या नियमात ऑन म्हणून जुनं नाव असेल तर तो नियम काढून परत घालायचा. नॅट करत असाल, म्हणजे मशीनींना ह्या पीसीतनं इंटरनेट जात असेल, तर /ईटीसी/यूएफडब्ल्यू/बिफोर.रूल्स ह्या फायलीत मास्करेडच्या ओळीत बाहेरच्या कार्डाचं नाव असतं. फायली शेअर करणाऱ्या सांबाच्या फायलीत इंटरफेसेसची ओळ असू शकते. माझ्याकडं शेवटी क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक स्क्रिप्ट निघाली, रोज रात्री किती डेटा गेला ते लिहिणारी, ती मीच लिहिलेली आणि मीच विसरलेलो.

नेटप्लॅन बदलून झाल्यावर नेहमी अप्लायच्या आधी सुडो नेटप्लॅन ट्राय करायची सवय लावा. त्यात १२० सेकंदात तुम्ही एंटर दाबलं नाही तर जुनी सेटिंग आपोआप परत येते. पण ह्या वेळी बाहेर० नावाचं कार्डच अजून अस्तित्वात नाही, ते रीबूटनंतर येणार, म्हणून इथं नुस्तं सुडो नेटप्लॅन जनरेट करून एरर येते का तेवढं बघा. स्पेस चुकली असेल तर ओळ नंबर सांगतो.

मग रीबूट.

रीबूटनंतर

परत आयपी -बीआर लिंक. बाहेर० आणि आत० दिसले पाहिजेत. मग आयपी -बीआर ए टाकून कुणाला कुठला आयपी ते बघा, आत०ला पन्नासचा, बाहेर०ला राउटरनं दिलेला. नाव बदललंच नसेल तर कुठली फाईल लागू झाली ते विचारा.

युडेव्हएडीएम इन्फो /सिस/क्लास/नेट/ईएनपी४एस०

ह्यात लिंक-फाईल असा शब्द असलेली ओळ शोधा. तिथं ९९-डिफॉल्ट दिसलं तर तुमची फाईल जुळली नाही, बहुतेक मॅकचं एक अक्षर चुकलंय किंवा फाईलच्या नावाच्या शेवटी डॉट लिंक नाही. माझं पहिल्यांदा तेच झालं, फोटोतलं ८ मी बी लिहिलेलं.

सगळं बरोबर आलं की आणखी एक करा, जमत असेल तर. पीसी बंद करून ते नवीन कार्ड किंवा एसएसडी तात्पुरती काढा आणि चालू करून बघा. मालक म्हणाले, "आता आणि काय करूलालास गा, चालू झालंय न्हवं?" म्हटलं दोन मिनिटं थांबा काका. एसएसडी काढली, बूट केलं, नावं जशीच्या तशी, ड्रॉईंगची फाईल तेवढी दिसत नव्हती कारण ती एसएसडीवर, पण मशीनींना आयपी मिळाले. परत लावली, परत बूट, परत तीच नावं. मगच चहा घेतला.

नेट.आयएफनेम्स=० बद्दल

कुणालाही विचारलं तर आधी हाच उपाय सांगतील. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ह्या फायलीत कर्नलच्या ओळीत हे टाकायचं, सुडो अपडेट-ग्रब, रीबूट, की इथ-झीरो परत. एकच वायरचं कार्ड असलेल्या पीसीवर बिनधास्त करा, मला त्यात काही वावगं वाटत नाही, रास्पबेरी पायवाले तर मुळातच इथ-झीरो ठेवतात. पण दोन कार्डं असतील तर तुम्ही परत त्या रेशनच्या रांगेत जाऊन उभे राहिलात, आधी कोण पोचेल सांगता येत नाही. दोन कार्डांच्या मशीनवर मी हे करत नाही आणि कुणी केलेलं दिसलं तर काढतो.

मोबाईलचं नेट यूएसबीनं वापरणाऱ्यांसाठी

खानापूरकडं पावसात झाड पडून केबल तुटली की चार-चार दिवस मोबाईलला यूएसबी लावून काम चालतं, तिथल्या एका दोस्ताला दरवेळी वेगळंच ईएनएक्सवालं नाव दिसायचं. त्याचं कारण असं की बरेच अँड्रॉइड फोन टेदरिंग चालू केलं की दरवेळी नवा मॅक घेतात आणि नाव मॅकवरनं, म्हणून नाव दरवेळी नवं. इथं मॅकवरनं बांधायचा आपला उपाय चालणार नाही. नेटप्लॅनमध्ये मॅचच्या खाली नेमला ईएनएक्स आणि पुढं चांदणी असं अवतरणचिन्हात लिहा, म्हणजे ईएनएक्सनं सुरू होणारं कुठलंही, आणि डीएचसीपी४ ट्रू, म्हणजे आयपी आपोआप घे. कुठलाही फोन लावा, चालतो. फक्त त्याच पीसीला कायमचं यूएसबी लॅन ॲडॅप्टर पण असेल तर ते पण ह्यात येणार, त्याला वर सांगितल्यासारखं वेगळं नाव देऊन आधी बाजूला काढा.

आणि वीज पडून कार्डच जळालं, नवं घातलं, तर मॅक नवा, मग लिंकच्या फायलीत मॅकची एक ओळ बदलायची, परत अपडेट-इनिटरॅमएफएस, रीबूट. नाव बाहेर०च राहतं, म्हणून नेटप्लॅन, डीएनएसमास्क, फायरवॉल कशालाच हात लावावा लागत नाही. नव्या कार्डाचा मॅक बहुतेक वेळा कार्डावरच्या स्टिकरवर छापलेला असतो, स्क्रू लावून झाकण बंद करायच्या आधी तो लिहून घ्या.